डिलिव्हरी मॅनेजर मंडळींना खुलं पत्र: रात्रीचा फोन आमच्याकडे आहे, तर थांबवायचं बटणही आमच्याकडेच द्या

नमस्कार मंडळी,

हे पत्र हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली, पवई, जिथे जिथे आपली ऑफिसं आहेत तिथल्या डिलिव्हरी हेड, रिलीज मॅनेजर, प्रोग्राम मॅनेजर अशा सगळ्यांना आहे. कुठल्या एका कंपनीला उद्देशून नाही, कारण मी ज्या दोनतीन ठिकाणी काम केलं तिथे हेच चाललेलं आणि कॉलेजच्या ग्रुपवर विचारलं तर त्यांच्याकडेपण सेम.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांची पुढची मीटिंग पाच मिनिटांत आहे ते मोकळे. रात्री ज्याच्या मोबाईलवर पेज (सिस्टिम बिघडल्याची तातडीची सूचना) येतं, त्याला चालू रिलीज (सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन चढवणं) थांबवायचा आणि गेलेलं रिलीज मागे घ्यायचा हक्क द्या. कुणाची परवानगी न घेता, आणि लेखी. बस. खाली जे काही आहे ते या एका वाक्यासाठीच आहे.

आता लगेच उत्तर येणार की अरे आमच्याकडे डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर बनवणारे आणि चालवणारे एकत्र काम करतात ती पद्धत) आहे ना, आम्ही तर ट्रान्सफॉर्मेशन केलंय. केलंत, मान्य. आमच्या टीमचं नाव आधी प्रॉडक्शन सपोर्ट होतं, मग एका टाऊनहॉलला स्लाइड दाखवली गेली आणि त्यानंतर आमच्या मेल सिग्नेचरमध्ये डेव्हऑप्स इंजिनीअर आलं. रोटा (रात्रीच्या ड्युटीच्या पाळ्या) तोच, फोन तोच, पहाटेचं जागरण तेच. टूल म्हणाल तर जेनकिन्स आलं, डॉकर आलं, कुबरनेटीस आलं, टेराफॉर्म आलं, प्रॉमिथियस आणि ग्राफाना आलं, भिंतीवर मोठा टीव्ही टांगून त्यावर डॅशबोर्ड लावला, क्लायंट व्हिजिटला आला की त्याला तो दाखवतात आणि तोपण मान डोलावतो. आधी डेव्हलपमेंट आणि ऑपरेशन्स अशा दोन टीम एकमेकांकडे बोट दाखवायच्या, आता मध्ये आम्ही तिसरे आलोय आणि दोघंही आमच्याकडे बोट दाखवतात.

मुळात ही भानगड सुरू कशी झाली ते जरा आठवा. जून २००९, अमेरिकेत सॅन होजेला व्हेलॉसिटी नावाची कॉन्फरन्स होती, तिथे फ्लिकर या फोटो साइटचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड बोलायला उभे राहिले, एक ऑपरेशन्सवाला आणि एक डेव्हलपमेंटवाला, आणि म्हणाले की आम्ही दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा डिप्लॉय करतो, म्हणजे नवीन कोड चालू सिस्टिमवर चढवतो. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या पॅट्रिक डेबवा यांनी गेंट शहरात डेव्हऑप्सडेज भरवलं आणि तिथून हे नाव जगभर झालं. त्या भाषणातला दिवसाला दहा हा आकडा सगळ्यांनी उचलला, तुमच्या स्लाइडवरपण तो होता. ते दोघं एकाच स्टेजवर एकत्र उभे होते हे मात्र कुणी उचललं नाही. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, अ‍ॅमेझॉनचे वर्नर व्होगल्स एका मुलाखतीत सांगून गेले होते की जो बनवेल त्यानेच चालवायचं. आपल्याकडे एक बनवतो, दुसरा चालवतो आणि तिसरा बिल लावतो.

प्रॉब्लेम टूलचा नाहीये हे मला आधी क्लियर करायचंय, कारण असं पत्र लिहिलं की दुसऱ्या दिवशी एखादा व्हेंडर नवीन ऑब्झर्व्हेबिलिटी प्लॅटफॉर्मचा डेमो घेऊन हजर. टूल झकास आहेत. पूर्वी सर्व्हरवर एसएसएच करून हाताने जार फाइल कॉपी करणारे लोक आम्हीच, त्यामुळे एका कमिटवर (कोडमधल्या एका बदलावर) पाइपलाइन पळते, टेस्ट होते, इमेज बनते, आर्गो सीडी ते क्लस्टरवर नेऊन ठेवतं, याचं कौतुक आमच्याइतकं कुणालाच नसेल. पण पाइपलाइन सुसाट झाली म्हणजे चुकीची गोष्टपण सुसाटच प्रॉडवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर, जाते ना. आणि आता एआयने कोड लिहून पीआरचा (तपासायला आलेल्या कोड बदलांचा) ढीग लावलाय, रिव्ह्यू करणारे तेवढेच, त्यामुळे वरून येणारा लोंढा वाढतोच आहे. वेग वाढवायचा निर्णय तुम्ही वरती बसून घेतलात, ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे हे ठरवायचं राहून गेलं.

शुक्रवारचं घ्या. क्लायंट अमेरिकेत ईस्ट कोस्टला, त्यांचा यूएटी साइन-ऑफ (चाचणी करून दिलेली मंजुरी) त्यांच्या दुपारी येणार, त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे अडीच, आणि त्यांना काय, साइन-ऑफ देऊन ते वीकेंडला मोकळे. रिलीज जातं. अर्ध्या तासात एरर रेट चढायला लागतो, पेज येतं. ऑन-कॉलवाल्याला ग्राफवर दिसतंय की रिलीजची वेळ आणि एरर चढायची वेळ एकच आहे, मागच्या व्हर्जनला जायचं (रोलबॅक) तर एक कमांड आहे, दोन मिनिटांचं काम. पण नाही. रिलीज मॅनेजरला फोन करा. तो उचलत नाही, झोपलाय, त्याची पण चूक नाही. एस्कलेशन मॅट्रिक्स (कुणानंतर कुणाला फोन करायचा ती यादी) उघडा, त्यातला दुसरा नंबर मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. मग ब्रिज, म्हणजे सगळ्यांचा कॉन्फरन्स कॉल, उघडतात, ब्रिजवर हळूहळू लोक जमतात, त्यातला प्रत्येक जण जॉईन झाल्यावर पहिलं विचारतो व्हॉट इज द ईटीए (किती वेळ लागेल), मग कुणीतरी म्हणतं रोलबॅक केला तर क्लायंटला काय सांगायचं, फिक्स फॉरवर्ड करू ना, म्हणजे मागे न जाता वरूनच दुरुस्ती टाकू, डेव्हलपरला उठवा. डेव्हलपर बिचारा झोपेत लॅपटॉप उघडून व्हीपीएन जोडतोय. या सगळ्यात दोन तास गेले, आणि शेवटी करतात काय तर रोलबॅकच. आणि सोमवारी आरसीएत (बिघाडाच्या मूळ कारणाच्या चौकशीत) प्रश्न येतो की ऑन-कॉल इंजिनीअरने वेळेत अ‍ॅक्शन का नाही घेतली!

अहो घेऊच दिली नाहीत की.

तुम्हाला वाटेल हा रडतोय. तर एक जुनी केस सांगतो, आमच्या लाइनमधल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण मला नेहमी वाटतं की मॅनेजर लोकांनी ती नीट वाचलेली नाही. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल नावाची अमेरिकन ब्रोकर कंपनी. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजचा रिटेल ऑर्डरसाठीचा एक नवीन प्रोग्राम त्या दिवशी सुरू होणार होता, त्यासाठी त्यांनी ऑर्डर पाठवणाऱ्या सिस्टिमचा नवीन कोड आधीच्या दिवसांत चढवला. सर्व्हर आठ. कोड चढला सातवर. आठवा राहिला, आणि दुसऱ्या कुणी तपासायचं असा लेखी नियमच नव्हता. आठव्यावर पॉवर पेग नावाचं एक जुनं फंक्शन पडून होतं, २००३ पासून वापरात नसलेलं, आणि नवीन कोडसाठी जो फ्लॅग (चालू-बंदची खूण) वापरला तो नेमका त्याच जुन्या फंक्शनचा, पुन्हा वापरलेला. साडेनऊला बाजार उघडला, आठव्या सर्व्हरला ऑर्डर आल्या, फ्लॅग पेटलेला, जुनं भूत जागं झालं आणि ऑर्डरवर ऑर्डर टाकत सुटलं. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. वर्षभरात ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं आणि सगळे म्हणतात बघा, डिप्लॉयमेंट ऑटोमेट करायला पाहिजे. बरोबर आहे. पण अमेरिकेच्या एसईसीचा (शेअर बाजार नियामकाचा) २०१३ चा आदेश वाचा, त्यात दोन गोष्टी आहेत ज्यांवर माझं सगळं पत्र उभं आहे. एक, त्या दिवशी सकाळी आठपासून, म्हणजे बाजार उघडायच्या जवळपास दीड तास आधीपासून, सिस्टिम आपणहून मेल पाठवत होती, त्यात पॉवर पेगचं नाव होतं, असे ९७ मेल बाजार उघडायच्या आधी कंपनीतल्या लोकांना गेले. कुणी बघितले नाहीत. कारण ते मेल अलर्ट म्हणून बनवलेच नव्हते, रोज येणाऱ्या ढिगातले, त्यांच्यावर कुणी काही करावं अशी अपेक्षाच नव्हती. दोन, गोंधळ चालू असताना त्यांनी उपाय म्हणून काय केलं, तर ज्या सात सर्व्हरवर नवीन कोड नीट चालला होता तिथूनच तो काढला. म्हणजे आठव्यावरचं दुखणं बाकी सातांवर पण आणलं. रोलबॅकच केला म्हणा की, पण आधी कधी ठरवून, करून न बघितलेला, आग लागल्यावर अंदाजाने केलेला.

आता आपल्याकडे या. आमच्या अलर्ट चॅनलवर रोज जो पाऊस पडतो तो तुम्ही कधी पाहिलाय का, तुम्ही त्या चॅनलवर आहात, पण म्यूट करून. सीपीयू ८० टक्क्यांच्या वर गेला, अलर्ट. रात्रीचा बॅच जॉब चालला की रोज जातो, जायलाच पाहिजे, मशीन पैसे देऊन घेतलंय ते काम करायलाच. डिस्क ७५ टक्के, अलर्ट. पॉड (सर्व्हिसची चालू असलेली एक प्रत) रीस्टार्ट झाला, अलर्ट, तोपर्यंत तो पुन्हा उभा पण राहिलेला. कुठल्या तरी जुन्या आरसीएच्या शेवटी अ‍ॅक्शन आयटम म्हणून अलर्ट वाढवला असं लिहिलेलं असतं आणि तो अलर्ट जन्मभर आमच्या नशिबी येतो, ज्या सर्व्हिससाठी होता ती बंद पडली तरी. हे बंद करा म्हटलं तर तुम्ही म्हणता क्लायंटला कमिट केलंय, मॉनिटरिंग कव्हरेज कमी झालं असं दिसायला नको. मग होतं असं की माणूस झोपेतच अ‍ॅक्नॉलेज दाबायला शिकतो, अंगठ्याला सवय लागते. नाइट कॅपिटलच्या लोकांना नावं ठेवायची आपली लायकी नाही, त्यांचे ९७ होते, आपल्याकडे तेवढे एखाद्या बऱ्या रात्री होतात.

म्हणून थांबवायचा हक्क म्हणतो त्यात अलर्ट काढून टाकायचा हक्कपण धरा. ज्याला झोपेतून उठवलं जातं त्याने सकाळी ठरवावं की हा अलर्ट उठवण्यालायक होता का, नसेल तर त्याने तो उडवावा, कमिटी नको. उठवायचं कशासाठी, तर ग्राहकाला त्रास होतोय म्हणून. पेमेंट अडकतंय, लॉगिन होत नाहीये, पान उघडायला दहा सेकंद लागतायत. लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ), ट्रॅफिक, एरर आणि सॅच्युरेशन (सिस्टिम किती भरलीये) हे चार बघा असं गूगलवाल्यांनी कधीच लिहून ठेवलंय, बाकी सगळं दिवसा तिकीट म्हणून येऊ दे, कुठे जात नाही ते. अलर्टमॅनेजर या टूलमध्ये ग्रुपिंग आहे, इन्हिबिशन आहे, म्हणजे डेटाबेस पडला तर त्याच्यावर बसलेल्या चाळीस सर्व्हिसेसचे चाळीस पेज न येता एक येतं, हे सगळं फुकट आहे आणि आपल्याकडे इन्स्टॉल पण आहे. फक्त ते सेट करायला स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात, पॉइंट कधी मिळत नाहीत.

गूगलचा विषय निघालाच आहे तर एरर बजेट. हा शब्द तुम्ही क्लायंट प्रेझेंटेशनमध्ये वापरता म्हणून विचारतो, शेवटचं कधी ते बजेट संपलं म्हणून रिलीज थांबलं? बेन ट्रेनर यांनी २००३ मध्ये गूगलमध्ये एसआरई (सिस्टिम भरवशाने चालू ठेवणारी) टीम सुरू केली, त्यांचा हिशेब सोपा आहे. ९९.९ टक्के चालू राहणार असं सांगितलंत, तर ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहायची मुभा मिळाली. ९९.९९ म्हणालात तर चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद. ती ४३ मिनिटं तुमची, खर्च करा, बिनधास्त नवीन गोष्टी आणा, कुणी अडवणार नाही. पण संपली की नवीन फीचर बंद, फक्त दुरुस्त्या आणि सिक्युरिटीचे फिक्स, आणि हे आधीच ठरलेलं असतं त्यामुळे त्या दिवशी वाद घालायला जागाच उरत नाही. यातली गंमत अशी की यात ऑपरेशन्सवाल्याला रडायची गरज नाही आणि डेव्हलपरला पण तो आडमुठा वाटत नाही, आकडा बोलतो. आपण काय केलं, तर आकडा घेतला, ग्राफानावर छान हिरवा गेज बनवला, तो लाल झाला की रंगाचा थ्रेशोल्ड बदलला. खोटं वाटत असेल तर तुमच्या डॅशबोर्डची गिट हिस्ट्री बघा.

आणि हे बाहेरच्या देशातलं खूळ आहे असं समजू नका. आपल्या मुंबईचंच उदाहरण आहे. एचडीएफसी बँकेचं डिजिटल बँकिंग दोन वर्षांत वारंवार बंद पडत होतं, नोव्हेंबर २०२० मध्ये प्रायमरी डेटा सेंटरची वीज गेली आणि पुन्हा पडलं, तर डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सरळ सांगितलं की नवीन डिजिटल लाँच बंद आणि नवीन क्रेडिट कार्डाचे ग्राहक घेणं बंद. कार्डांची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली आणि डिजिटलची मार्च २०२२ मध्ये. मग एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेला तसंच, ऑनलाइन आणि मोबाईलवरून नवीन ग्राहक घ्यायचे नाहीत, नवीन क्रेडिट कार्ड द्यायची नाहीत, ते फेब्रुवारी २०२५ ला उठलं. आत काय झालं, कुणाचं ऐकलं नाही हे मला माहीत नाही आणि तो माझा विषयही नाही, पण याला काय म्हणायचं सांगा, रेग्युलेटरने लावलेलं एरर बजेटच ना हे? फक्त यात थांबण्याची मुदत मिनिटांत नव्हती, महिन्यांत होती. आपल्यातल्या कित्येकांचे क्लायंट बँका आणि इन्शुरन्स कंपन्या आहेत. एखाद्या रात्री एक रिलीज मागे घेतलं म्हणून क्लायंट नाराज होईल ही भीती मोठी की ही?

आता तुमचा मुख्य आक्षेप, जो मी दरवेळी ऐकतो: कुणालाही थांबवायचा हक्क दिला तर काहीच रिलीज होणार नाही, हे सपोर्टवाले घाबरट असतात, प्रत्येक गोष्ट थांबवतील.

लोकलच्या प्रत्येक डब्यात साखळी असते. ती डीआरएम (रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक) साहेबांच्या केबिनमध्ये नाहीये, डब्यात आहे, कारण काय घडतंय ते डब्यातल्याला दिसतं. आणि विनाकारण ओढली तर रेल्वे कायद्यात हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही लिहिलंय. एवढी वर्षं रोज लाखो लोक त्या साखळीखाली उभे राहून ऑफिसला जातायत आणि गाड्या चालतायतच. हक्क असला म्हणून माणूस तो ऊठसूट वापरत नाही, उलट हक्क असला की जबाबदारीने वागतो, नसला की फक्त तक्रार करतो. आम्ही सध्या तेच करतोय, हे पत्र त्याचाच पुरावा समजा हवं तर.

दुसरं, थांबवायचा हक्क आणि परवानगी द्यायचा हक्क या एकदम उलट गोष्टी आहेत आणि तुम्ही दोन्हीची गल्लत करता. परवानगी म्हणजे सगळं डिफॉल्टला अडलेलं, कुणी हो म्हणेपर्यंत. आपली चेंज बोर्डाची, म्हणजे बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीची, मीटिंग तशी आहे, आठवड्यातून एकदा, एक्सेलमधले सगळे सीआर (बदलाचे अर्ज) एकामागून एक वाचायचे, ज्या लोकांनी तो कोड कधी पाहिला नाही ते रिस्क विचारणार, आपण लो म्हणणार, ते ओके म्हणणार. डोरा या सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या गटाच्या संशोधनात, म्हणजे तेच ज्यांचे चार मेट्रिक तुमच्या अप्रेजल डेकमध्ये आहेत, डिप्लॉय किती वेळा, कमिटपासून प्रॉडपर्यंत किती वेळ, किती बदल फेल गेले आणि सावरायला किती लागला, त्याच लोकांनी लिहिलंय की टीमच्या बाहेरच्या बोर्डाकडून मंजुरी घेतल्याने काम उशिरा होतं आणि फेल जायचं प्रमाण काही कमी होत नाही. मी म्हणतोय ते याच्या उलट. डिफॉल्टला सगळं जाऊ द्या, दिवसाला दहा जाऊ द्या, वीस जाऊ द्या. फक्त जाताना ज्याच्या डोळ्यासमोर ग्राफ आहे त्याला थांब म्हणता आलं पाहिजे. माझी मागणी मान्य केलीत तर तो बोर्ड अर्ध्यावर आणता येईल, तुमचेच तास वाचतील.

अर्थात नुसता हक्क देऊन भागत नाही, थांबवण्यासारखं काहीतरी मध्ये असायला पण पाहिजे. १९ जुलै २०२४ आठवतोय? तोपण शुक्रवारच. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने सकाळी ९.३९ ला, म्हणजे आपल्या वेळेने, एक कॉन्फिगरेशन अपडेट सोडला आणि ७८ मिनिटांत मागेही घेतला. बघितलं तर ७८ मिनिटांत रोलबॅक म्हणजे चांगलाच की. पण तो अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदम गेला होता, तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेल्या, आणि जी क्रॅश झाली तिला मागे घेतलेला अपडेट पोचणार कसा, जाऊन हाताने फाइल उडवावी लागत होती. आपल्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. तर आधी एक टक्का, मग दहा, मग सगळे, मध्ये थोडा वेळ ग्राफ बघायला, याला कॅनरी म्हणतात आणि आपल्या कुबरनेटीसवर ते करायची सोय आहे, आर्गो रोलआउट्स नावाचं फुकट टूल आहे. पण रिलीज प्लॅनमध्ये तासाभराची विंडो लिहिलेली असते आणि त्या तासात बिचारी कॅनरी बसत नाही. विंडो वाढवा. डेटाबेस मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) अशी लिहायला लावा की जुना कोड नव्या टेबलवर पण चालेल, नाहीतर रोलबॅकची कमांड असून उपयोग काय. आणि रोलबॅक महिन्यातून एकदा दिवसाउजेडी, सगळे ऑफिसात असताना, मुद्दाम करून बघा.

डेव्हलपरना रोटात घ्या हेही त्यातच आलं. मला माहितीये ते बिलेबल असतात, म्हणजे त्यांच्या तासांचं बिल क्लायंटला लागतं, आणि त्यांची झोप महाग असते. पण एक आठवडा फोन जवळ ठेवला की त्याच माणसाच्या लॉगमध्ये समथिंग वेंट राँग ऐवजी नीट ऑर्डर आयडी यायला लागतो, हे मी डोळ्याने पाहिलंय, यापेक्षा स्वस्त ट्रेनिंग नाही. आणि ऑन-कॉलचे पैसे द्या, रात्री उठलेल्याला सकाळी नऊच्या स्टँडअपला बोलवू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर लिहिलाय, आणि स्टँडबाय म्हणजे ओव्हरटाइम नाही हे तुमचं उत्तरही मला पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

आरसीए. हा खरा दुखरा भाग. हक्क दिलात आणि आम्ही कधी चुकीच्या वेळी थांबवलं, किंवा थांबवायला पाहिजे होतं आणि नाही थांबवलं, तर काय होणार? सध्याच्या फॉर्मॅटमध्ये रूट कॉजला ड्रॉपडाउन आहे आणि त्यात ह्यूमन एरर हा पर्याय सगळ्यात जास्त वापरला जातो, त्याच्यापुढे माणसाचं नाव येतं आणि ते नाव अप्रेजलपर्यंत चालत जातं. या भीतीत कुणी साखळी ओढणार नाही, हक्क कागदावरच राहील. गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटचं उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनीअरने रात्री उशिरा रेप्लिकेशन (डेटाबेसची दुसरी प्रत ठेवायची सोय) दुरुस्त करताना चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर, डिरेक्टरी उडवली. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, एकही धड उपयोगी पडली नाही, सुमारे सहा तासांचा डेटा गेला. बॅकअप फेल होतायत असे मेल जायला पाहिजे होते, ते डीमार्कच्या (मेल खरंच त्या पाठवणाऱ्याचाच आहे का हे तपासायच्या) नियमात न बसल्याने समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणजे इथेही अलर्ट होता पण पोचत नव्हता. त्यांनी काय केलं, तर रिकव्हरी यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, नोट्स सगळ्या जगाला उघड्या ठेवल्या, आणि रिपोर्टात त्या इंजिनीअरचं नाव न घालता टीम मेंबर एक एवढंच लिहिलं. चौकशी कशाची केली, तर एका कमांडने हे होऊच कसं शकलं आणि बॅकअप चालतोय हे तपासायची जबाबदारी कुणाची होती, ती कुणाचीच नव्हती हे त्यांनी स्वतः लिहिलंय. आपल्याकडे असं झालं असतं तर पहिल्या तासात त्याचा अ‍ॅक्सेस काढला असता आणि दुसऱ्या तासात एचआर ब्रिजवर आलं असतं. ड्रॉपडाउनमधून तो पर्याय काढा. एवढं तर कॉन्फिगरेशनचं काम आहे, सांगाल तर मीच करतो.

सगळ्या अकाउंटवर एकदम करा असं म्हणत नाहीये, तेवढी अक्कल आहे मला, आणि वर सांगितलंच की टप्प्याटप्प्याने जायचं. एक सर्व्हिस घ्या, पेमेंटची नको, मध्यम काहीतरी, नोटिफिकेशनची वगैरे. एक क्वार्टर. त्या सर्व्हिसच्या रिलीज पॉलिसीत हे शब्द टाका, मी मराठीत लिहितो, तुम्ही तुमच्या भाषेत करून घ्या: ऑन-कॉल इंजिनीअर कोणतंही रिलीज कोणत्याही टप्प्यावर थांबवू किंवा मागे घेऊ शकतो, कारण नंतर लिहायचं, त्या निर्णयाबद्दल त्याच्या अप्रेजलमध्ये काही येणार नाही, आणि पुन्हा सुरू करायचं असेल तर त्याच्याशी बोलूनच. आणि चेंज फॉर्ममध्ये अ‍ॅप्रूव्हरच्या कॉलमशेजारी अजून एक कॉलम टाका, आज रात्री थांबवायचा हक्क कुणाकडे, त्यात एक नाव आणि एक चालू असलेला नंबर. क्वार्टरच्या शेवटी तुमचेच चार आकडे काढून बघा, किती वेळा थांबवलं, त्यातलं किती वेळा उगाच होतं. उगाचचं प्रमाण जास्त निघालं तर काढून घ्या, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेतल्या क्लायंटांचे फ्रीझ (नवीन बदल बंद ठेवायचा काळ) सुरू होतात, जानेवारीत उघडतात आणि मग दीड महिना साठलेलं सगळं एकाच आठवड्यात चढतं, तो आठवडा कसा जातो ते आमच्या घरच्यांना विचारा. तर फॉर्म बदलायचा असेल तर त्याच्या आधी बदला. उत्तराची मेल नको, ऑल-हॅंड्सला टाळ्या पण नकोत, फॉर्म उघडल्यावर तो कॉलम दिसला की मला कळेल.

आपला,
या आठवड्याचा प्रायमरी ऑन-कॉल